अमोनियावर जगणाऱ्यांचा शोध : सर्गेई विनोग्रादस्की

एन्व्हायर्न्मेंटल इंजिनिअरिंगच्या पेपरात नायट्रिफिकेशनची दोन समीकरणं हमखास असतात. पहिल्यात अमोनियाचं नायट्राइट होतं, दुसऱ्यात नायट्राइटचं नायट्रेट. पहिल्यापुढे आपण नायट्रोसोमोनास लिहितो, दुसऱ्यापुढे नायट्रोबॅक्टर, आणि चार मार्क खिशात टाकून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. ही दोन नावं कुणी ठेवली, ते जिवाणू सापडले कसे, हे मात्र सिलॅबसमध्ये नसतं. आज जगभर जुन्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची सुधारणा करण्याचं, म्हणजे त्यांना अमोनिया, नायट्रोजन आणि फॉस्फरस काढायला लावण्याचं काम चालू आहे. त्या प्रत्येक डिझाइनच्या मुळाशी ज्या माणसाची निरीक्षणं आहेत, त्याची ही ओळख. या माणसाने आयुष्यात एकही एसटीपी बांधला नाही. तो आधी वकिलीकडे निघाला होता, मग पियानोकडे!

वाट शोधणारा मुलगा

सर्गेई निकोलायेविच विनोग्रादस्की यांचा जन्म 1856 साली कीव शहरात झाला. कीव तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. घर सुखवस्तू, जमीनजुमला भरपूर. शाळेत मुलगा हुशार. पुढे काय करायचं, याचं उत्तर मात्र त्याच्याकडे नव्हतं. कीव विद्यापीठात त्यांनी कायद्याला प्रवेश घेतला, तो लगेच सोडला आणि विज्ञानाकडे वळले. तिथेही जीव रमेना. मग थेट सेंट पीटर्सबर्ग गाठलं आणि तिथल्या संगीत विद्यालयात थिओडोर लेशेटिट्स्की या नामांकित गुरूंकडे पियानो शिकायला बसले.

ब्रँच बदलायची की नाही यावर आपल्याकडे घरोघरी केवढं रामायण होतं! या गृहस्थांनी तर तीन वेळा गाडी बदलली. संगीतावर प्रेम होतंच, पण नुसत्या संगीतावर आयुष्य काढावं असं त्यांना वाटेना. 1877 साली त्यांनी सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात पुन्हा विज्ञान घेतलं, आणि या वेळी गाडी रुळावर आली. वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रेई फामिन्त्सिन यांच्या प्रयोगशाळेत ते काम करू लागले. सजीव आपलं अन्न कसं मिळवतो आणि बाहेरची परिस्थिती बदलली की तो कसा बदलतो, हा प्रश्न त्यांना तिथे चिकटला. तो पुढे जन्मभर सुटला नाही. 1879 साली त्यांचं लग्न झालं. घरची आर्थिक बाजू भक्कम असल्यामुळे पोटासाठी नोकरी धरायची निकड नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण अशी सवलत मिळालेले लोक कमी नसतात. तिचा असा उपयोग करणारे कमी.

गंधकावर जगणारा जिवाणू

1885 साली विनोग्रादस्की स्ट्रासबुर्गला आंतोन द बारी यांच्या प्रयोगशाळेत गेले. द बारी म्हणजे त्या काळातले वनस्पतिशास्त्रातले मोठे नाव. तिथे त्यांनी बेग्गियाटोआ नावाचा धाग्यासारखा जिवाणू अभ्यासाला घेतला. गंधकाच्या झऱ्यांमध्ये हा पांढऱ्या जाळीसारखा वाढतो, आणि त्याच्या पेशीत गंधकाचे चकाकणारे कण दिसतात.

हे कण तिथे कशासाठी? विनोग्रादस्कींनी काचपट्टीवरच्या थेंबात हा जिवाणू ठेवला आणि तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसले. पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असेल तर कण भरतात. ते तोडलं तर कण हळूहळू नाहीसे होतात. पुन्हा दिलं की पुन्हा भरतात. म्हणजे हा जिवाणू हायड्रोजन सल्फाइडचं ऑक्सिडेशन करून गंधक साठवतो, आणि पुढे त्याचं सल्फेट करून आपलं पोट चालवतो. आपण पोळीभाजी जाळून ऊर्जा मिळवतो, हा बेटा सडक्या अंड्याचा वास जाळून मिळवतो!

1887 साली हे प्रसिद्ध झालं. सजीवाला ऊर्जा दोनच मार्गांनी मिळते, एक सूर्यप्रकाश आणि दुसरा सेंद्रिय अन्न, असं तोवर धरून चालत. नुसत्या खनिज पदार्थातून ऊर्जा मिळवणारा तिसरा प्रकार त्यांनी दाखवून दिला. 1888 च्या सुरुवातीला द बारी वारले आणि विनोग्रादस्की झुरिचला आले. तिथे वाट बघत होता अमोनिया.

पॅरिसची सांडपाण्याची नळी

इथे थोडं मागे जायला हवं. शेतात टाकलेल्या खतातला अमोनिया जमिनीत हळूहळू नायट्रेट होतो, हे रसायनशास्त्रज्ञांना माहीत होतं. नायट्रेट हे पिकाचं अन्न आणि बंदुकीच्या दारूचा कच्चा माल. त्यामुळे प्रश्न साधासुधा नव्हता. हे ऑक्सिडेशन निव्वळ रासायनिक आहे, की सजीव करतात?

उत्तर मिळालं ते सांडपाण्यातून. 1877 साली श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच संशोधकांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या एका लांब नळीतून सांडपाणी अगदी सावकाश झिरपू दिलं. पहिले सुमारे वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर आला. मग एकदम नायट्रेट दिसू लागलं आणि अमोनिया नाहीसा झाला. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बंद! क्लोरोफॉर्म काढून टाकला तरी ते सुरू होईना. पण थोडी माती घातलेलं पाणी ओतल्यावर काही दिवसांनी नायट्रेट परत आलं. रसायनाला गुंगी येत नाही, सजीवाला येते. म्हणजे हे काम सजीवांचं होतं.

त्या वीस दिवसांकडे नीट लक्ष द्या. नव्या प्लांटच्या कमिशनिंगला अमोनिया उतरायला आठवडे का लागतात, हे त्या नळीने 1877 सालीच दाखवलं होतं.

गुन्हेगार सजीव आहे हे कळलं, पण तो हाती लागेना. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रॉबर्ट वॉरिंग्टन वर्षानुवर्षं त्याच्या मागे होते. काम दोन टप्प्यांत होतं आणि दोन वेगळे जिवाणू ते करतात, इथपर्यंत ते पोचले. पण जिवाणू वेगळा काढणं जमलं नाही. त्या वेळची रूढ पद्धत रॉबर्ट कॉख यांची: जिलेटिनच्या थराला पोषक रस्सा पाजायचा, त्यावर नमुना पसरायचा, आणि उगवलेल्या ठिपक्यांतून हवा तो जिवाणू उचलायचा. वॉरिंग्टन यांच्या प्लेटवर ठिपके भरपूर उगवत. त्यातला एकही अमोनियाचं नायट्राइट करत नसे.

उपाशी ठेवून पकडलेला चोर

विनोग्रादस्कींनी विचार उलट्या बाजूने केला. समजा हा जिवाणूही बेग्गियाटोआसारखाच असेल, खनिजावर जगणारा. मग त्याला मटणाचा रस्सा आणि जिलेटिन कशाला? त्या मेजवानीवर बाकीचे सगळे ताव मारणार आणि हा कोपऱ्यात चिरडला जाणार.

म्हणून त्यांनी सेंद्रिय पदार्थाचा कणही नसलेलं जेवण बनवलं. झुरिचच्या तळ्याचं पाणी, थोडं अमोनियम सल्फेट, थोडं पोटॅशियम फॉस्फेट आणि तळाशी मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी भुकटी. त्यात चिमूटभर माती टाकायची, नायट्राइट दिसू लागलं की त्यातला थेंब नव्या फ्लास्कमध्ये न्यायचा, तिथून पुढच्या. दर वेळी रस्सा खाणारे उपाशी मरणार आणि अमोनिया खाणारे टिकणार. आज याला एनरिचमेंट कल्चर म्हणतात, आणि मायक्रोबायॉलॉजीच्या प्रत्येक लॅबमध्ये ते केलं जातं.

तरी काही हट्टी पाहुणे उरलेच. त्यांना काढायची युक्ती फार सुंदर आहे. त्यांनी नमुना जिलेटिनवर पसरला आणि जिथे काहीही उगवलं नाही अशा जागा शोधल्या. सगळे जण ठिपके उचलत होते, विनोग्रादस्कींनी रिकामी जागा उचलली! ती अमोनियाच्या फ्लास्कमध्ये टाकली आणि नायट्राइट तयार झालं. पुढे त्यांनी जिलेटिनऐवजी सिलिकाची जेली वापरली. तिच्यात सेंद्रिय काही नसल्यामुळे तिच्यावर हे जिवाणू वाढवता आले.

1890 साली त्यांचे लेख पाश्चर इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात आले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पर्सी आणि ग्रेस फ्रँकलंड या दांपत्यानेही नमुना पुन्हापुन्हा पातळ करत अमोनियाचं नायट्राइट करणारा जिवाणू वेगळा केल्याचं जाहीर केलं. श्रेय एकट्याचं नाही, हे इथे नोंदवतो. लवकरच विनोग्रादस्कींनी दुसऱ्या टप्प्याचा, म्हणजे नायट्राइटचं नायट्रेट करणारा जिवाणूही वेगळा काढला. नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही नावं त्यांचीच.

पस्तीसास एक

आता इंजिनिअर मंडळींनी सरसावून बसावं. विनोग्रादस्की जिवाणू पकडून थांबले नाहीत, त्यांनी हिशेब मांडला. फ्लास्कमध्ये किती नायट्रोजनचं ऑक्सिडेशन झालं आणि जिवाणूंनी कार्बन डायऑक्साइडमधून किती कार्बन स्वतःच्या शरीरात बांधला, दोन्ही मोजलं. गुणोत्तर आलं साधारण 35 ला 1. म्हणजे 35 मिलिग्रॅम नायट्रोजन जाळावा तेव्हा कुठे 1 मिलिग्रॅम कार्बन पदरात पडतो.

हा आकडा म्हणजे या जिवाणूंची आर्थिक परिस्थिती. कमाई इतकी तुटपुंजी की संसार वाढणार कसा? बीओडी खाणारे जिवाणू अर्ध्याएक तासातही दुप्पट होऊ शकतात. नायट्रिफायरना चांगल्या दिवसांतही अर्धा दिवस ते एक दिवस लागतो आणि थंडीत कित्येक दिवस.

आता अॅक्टिव्हेटेड स्लज प्लांट डोळ्यांसमोर आणा. रोज आपण ठरावीक स्लज बाहेर काढून टाकतो. नायट्रिफायर जितक्या वेगाने वाढतात त्याहून जास्त वेगाने आपण त्यांना बाहेर काढलं, तर ते टाकीतून संपतात. याला वॉशआउट म्हणतात. म्हणून अमोनिया काढायचा असेल तर पहिला प्रश्न स्लज एजचा. पाणी 20 अंश सेल्सिअस असेल तर किमान अडीच-तीन दिवस, 10 अंशाला पाच-सहा दिवस, आणि त्यावर सुरक्षेसाठी दीडपट-दुप्पट. जुना प्लांट फक्त बीओडीसाठी बांधलेला असेल तर त्याची टाकी इतका स्लज सांभाळायला पुरत नाही, कारण स्लज वाढवला की सेकंडरी क्लॅरिफायरवर भार येतो. अपग्रेडची सगळी डोकेदुखी इथून सुरू होते, आणि तिचं मूळ त्या पस्तीसास एकमध्ये आहे.

मान, निवृत्ती आणि पळापळ

झुरिचच्या कामाने विनोग्रादस्की युरोपभर गाजले. मेच्निकोव्ह यांनी त्यांना पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये यायचं आमंत्रण दिलं. पण त्यांनी मायदेशी परतायचं ठरवलं आणि 1891 साली सेंट पीटर्सबर्गच्या नव्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. तिथे त्यांनी हवेतला नायट्रोजन बांधणारा, ऑक्सिजनशिवाय जगणारा जिवाणू शोधला आणि त्याला पाश्चर यांच्या नावावरून क्लॉस्ट्रिडियम पास्तुरियानुम म्हटलं. शिष्य ओमेल्यान्स्की यांच्याबरोबर त्यांनी सेंद्रिय पदार्थाचा नायट्रिफायरवर होणारा परिणामही तपासला. 1902 मध्ये ते संस्थेचे संचालक झाले. पण प्रशासन मानवेना आणि तब्येतही साथ देईना. 1905 साली, पन्नाशीच्याही आत, त्यांनी राजीनामा दिला आणि युक्रेनमधल्या गोरोदोक इथल्या आपल्या जमिनीवर जाऊन शेती आणि जंगल बघू लागले. विज्ञानाशी संबंध जवळजवळ तुटला.

गोष्ट इथे संपली असती तरी पाठ्यपुस्तकातलं त्यांचं नाव पक्कं होतं. पण 1917 साली रशियात क्रांती झाली. मग यादवी युद्ध. जमीनदाराचं घर, जमीन, मालमत्ता, सगळं गेलं. 1920 मध्ये वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ते देश सोडून निघाले. आयुष्यभर ज्यांना पगाराची फिकीर नव्हती त्यांना आता पोटासाठी काम शोधायचं होतं. काही काळ बेलग्रेडला प्राध्यापकी केली. तिथे धड प्रयोगशाळाही नव्हती.

1922 साली पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक एमिल रू यांचं बोलावणं आलं. तीस वर्षांपूर्वी नाकारलेलं दार पुन्हा उघडलं होतं. पॅरिसजवळच्या ब्री-कॉम्त-रोबेर या गावात कृषी सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग त्यांच्या स्वाधीन झाला. आपल्याकडे साठीनंतर माणूस पेन्शनच्या रांगेत उभा राहतो. विनोग्रादस्कींनी सहासष्टाव्या वर्षी नवी प्रयोगशाळा मांडली आणि 1940 पर्यंत चालवली.

तिथे त्यांचा आग्रह एकच. प्रयोगशाळेतला लाडावलेला जिवाणू आणि मातीतला खरा जिवाणू यांत फरक आहे, म्हणून त्याला त्याच्या घरी जाऊन बघा. प्लांट चालवणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे. दुसऱ्याच्या प्लांटचे आकडे, पुस्तकातले आकडे आपल्या टाकीला जसेच्या तसे लागू पडतील याची खात्री नसते. आपलं सांडपाणी आपणच मोजावं लागतं.

त्यांची कन्या हेलेन याच प्रयोगशाळेत काम करत असे. बाप-लेकीने 1933 साली नायट्रिफिकेशनवर एकत्र शोधनिबंध लिहिला. पुढे हेलेन यांनी एक विशेष गोष्ट केली: पॅरिसच्या अॅक्टिव्हेटेड स्लजमधल्या नायट्रिफायर जिवाणूंचा अभ्यास. वडिलांनी मातीत पकडलेले जिवाणू मुलीने सांडपाण्याच्या स्लजमध्ये शोधले. सूक्ष्मजीवशास्त्र आणि आपलं एन्व्हायर्न्मेंटल इंजिनिअरिंग यांची गाठ एकाच घरात पडली ती अशी.

1949 साली, नव्वदी ओलांडल्यावर, विनोग्रादस्कींचा मातीच्या सूक्ष्मजीवशास्त्रावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी 1953 मध्ये ब्री-कॉम्त-रोबेरलाच ते वारले. वय 96.

टाकीतली त्यांची माणसं

अॅक्टिव्हेटेड स्लजचा जन्म मँचेस्टरचा. 1914 साली आर्डर्न आणि लॉकेट यांनी आपला निबंध वाचला. त्यांनी बाटलीतल्या सांडपाण्यात पूर्ण नायट्रिफिकेशन होईपर्यंत हवा सोडली. पहिल्यांदा सुमारे पाच आठवडे लागले. मग त्यांनी वरचं पाणी काढलं, तळाचा गाळ ठेवला आणि नवं सांडपाणी भरलं. असं करत करत वेळ एका दिवसाच्या आत आली. त्यांना या कामाची प्रेरणा देणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक म्हणून आले, एवढा आपला या कथेशी नातेसंबंध.

म्हणजे पहिल्या प्रयोगात यशाची खूणच नायट्रिफिकेशन होती. नंतर खर्च वाचवायला एरेशनचा वेळ कमी केला गेला, फक्त बीओडी उतरवला की भागू लागलं आणि अमोनिया नदीत जाऊ लागला. शंभर वर्षांनी आपण तोच अमोनिया पकडायला परत निघालो आहोत.

अपग्रेडचा आराखडा कसा विचार करून करतात ते एका हिशेबाने बघू. समजा प्लांट 10 एमएलडीचा आहे आणि लिटरला 30 मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजनचं ऑक्सिडेशन करायचं आहे. म्हणजे रोज 300 किलो.

पहिली गोष्ट हवा. एक ग्रॅम नायट्रोजनला 4.57 ग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे रोज सुमारे 1370 किलो, आणि हा बीओडीच्या ऑक्सिजनव्यतिरिक्त. जुने ब्लोअर पुरतील का?

दुसरी गोष्ट अल्कलिनिटी. ऑक्सिडेशन होताना आम्ल तयार होतं. एका ग्रॅमला 7.14 ग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते, म्हणजे इथे लिटरला 214 मिलिग्रॅम. पाणी मृदू असेल तर पीएच घसरतो आणि जिवाणू काम थांबवतात. विनोग्रादस्कींच्या फ्लास्कच्या तळाशी ती मॅग्नेशियम कार्बोनेटची भुकटी कशासाठी होती, ते आता कळलं ना?

तिसरी गोष्ट नायट्रेट. अमोनिया गेला तरी नायट्रोजन पाण्यातच आहे, फक्त कपडे बदलून. तो तळ्याखाडीत शेवाळ वाढवतोच. म्हणून एरेशन टँकच्या आधी हवा नसलेला अॅनॉक्सिक कप्पा करतात आणि नायट्रेट असलेलं पाणी पंपाने तिथे परत आणतात. तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरून बीओडी खातात आणि नायट्रोजन वायू हवेत जातो. एकूण पुनर्चक्रण आवकेच्या चौपट ठेवलं तर जास्तीत जास्त 80 टक्के नायट्रेट काढता येतं: 30 पैकी 24 मिलिग्रॅम. आणि यात परतफेड आहे! प्रत्येक ग्रॅमला 2.86 ग्रॅम ऑक्सिजन वाचतो, म्हणजे 240 किलोला सुमारे 690 किलो. नायट्रिफिकेशनच्या हवेचा निम्मा खर्च परत. अल्कलिनिटीही निम्मी परत मिळते. पण त्यासाठी ग्रॅमला चारएक ग्रॅम बीओडी लागतो. प्रायमरीत आधीच सगळा बीओडी काढून बसलो तर बाहेरून मिथेनॉल विकत आणायची पाळी येते.

चौथी गोष्ट जागा. शहरात नवी टाकी बांधायला जमीन कुठे? मग जुन्याच टाकीत प्लॅस्टिकचे तरंगते तुकडे टाकतात. मंद वाढणारे नायट्रिफायर त्यांच्यावर चिकटून राहतात आणि स्लजबरोबर वाहून जात नाहीत. गरिबाला शहरात स्वतःची खोली मिळाली की तो टिकतो, तसंच हे. किंवा क्लॅरिफायरऐवजी मेम्ब्रेन लावून स्लज दाट ठेवतात. फॉस्फरससाठी सर्वात आधी ऑक्सिजन आणि नायट्रेट दोन्ही नसलेला कप्पा ठेवतात किंवा फटकी, फेरिक क्लोराइड यांची मात्रा देतात.

पाचवी गोष्ट स्लज पिळून निघालेलं पाणी. डायजेस्टर असलेल्या प्लांटमध्ये हे पाणी आवकेच्या टक्काभर असतं, पण प्लांटच्या एकूण नायट्रोजनच्या पंधरा-वीस टक्के त्यात असू शकतो. ते मुकाट्याने सुरुवातीला परत सोडलं जातं आणि कागदावरच्या डिझाइनमध्ये अनेकदा विसरलं जातं.

आपल्यासारख्या गरम देशात आणखी एक गंमत. डिझाइनमध्ये नसलं तरी नायट्रिफिकेशन आपोआप सुरू होतं. ब्लोअर कमी पडतात, आणि क्लॅरिफायरच्या तळाशी नायट्रेटचा वायू होऊन स्लजचे गोळे वर तरंगतात. प्लांट व्हिजिटला असे गोळे दिसले तर ऑपरेटरला दोष देण्याआधी नायट्रेट मोजा.

गुरूच्याही पुढे

विनोग्रादस्कींचं सगळंच अखेरचं ठरलं असं नाही. सेंद्रिय पदार्थ नायट्रिफायरना विषासारखा असतो असा समज त्यांच्या कामातून पसरला. आज आपण जाणतो की ते प्रामुख्याने ऑक्सिजन आणि जागेच्या स्पर्धेत हरतात. बहुतेक प्लांटमध्ये दुसरा टप्पा नायट्रोबॅक्टरपेक्षा नायट्रोस्पायरा जास्त करतो, हे 1990 च्या दशकात कळलं. 2015 साली तर दोन्ही टप्पे एकटाच करणारा नायट्रोस्पायरा सापडला, आणि पाठ्यपुस्तकातली सव्वाशे वर्षांची वाटणी मोडली. हवेशिवाय अमोनिया आणि नायट्राइट यांची सांगड घालून नायट्रोजन वायू करणारे अॅनामॉक्स जिवाणू 1990 च्या दशकात डेल्फ्टच्या संशोधकांनी उजेडात आणले, आणि 2002 पासून रॉटरडॅमच्या डोकहावन प्लांटवर स्लजच्या पाण्यासाठी पूर्ण आकाराची अणुभट्टी नव्हे, अॅनामॉक्स भट्टी कामाला लागली. ते नायट्रिफायरपेक्षाही मंद वाढतात. त्यांनाही धीराने, योग्य तेवढंच खायला घालूनच वाढवावं लागलं. पद्धत झुरिचचीच!

आपल्या दारात

हे सगळं दूरच्या युरोपातलं वाटत असेल तर दिल्लीकडे बघा. यमुनेत अमोनिया वाढला म्हणून वझिराबाद आणि चंद्रावलच्या जलशुद्धीकरण केंद्रांना अनेकदा उत्पादन कमी करावं लागलं आहे. पाण्यातला एक मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजन आठ-दहा मिलिग्रॅम क्लोरीन गिळून टाकतो. म्हणजे वरच्या शहराने न काढलेल्या अमोनियाचं बिल खालच्या शहराच्या नळाला येतं. 2017 साली केंद्र सरकारने एसटीपींसाठी अधिसूचित केलेल्या मानकांत अमोनियाची मर्यादा नव्हती. 2019 साली राष्ट्रीय हरित लवादाने अधिक कडक मानकं लावायला सांगितली, त्यांत एकूण नायट्रोजन लिटरला 10 मिलिग्रॅम आणि फॉस्फरस 1 मिलिग्रॅम होता. पुढच्या वीस-तीस वर्षांत या देशातल्या शेकडो जुन्या प्लांटची कागदपत्रं कुणाच्या तरी टेबलावर येणार आहेत. मित्रांनो, ती टेबलं आपली असतील.

तेव्हा कुणी तरी म्हणेल की दोन ब्लोअर वाढवा आणि फाइल बंद करा. त्या वेळी स्लज एज विचारा, अल्कलिनिटी विचारा, हिवाळ्यातलं पाण्याचं तापमान विचारा, पिळून निघालेलं पाणी कुठे जातं ते विचारा. टाकीतले ते गरीब, मंद, पस्तीस जाळून एक कमावणारे जिवाणू टेंडरच्या तारखा जाणत नाहीत. त्यांना लागेल तेवढा वेळ आणि हवा द्यावीच लागते. तेवढी दिली तर मात्र ते पगार न मागता रात्रंदिवस काम करतात, आणि खालच्या गावाच्या नळाला स्वच्छ पाणी येतं.